विरोधक पाहिजे

शुक्रवारी दुपारी पाल्मिराने कावातेल्ली पास्त्याचं पातेलं टेबलावर ठेवलं न ठेवलं, तोच तिच्या नवऱ्याने, सरपंच एलिजिओने, चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे वाईट बातमी, हे कोलासुर्दोंच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मागच्या खेपेला काढला होता तो थोरल्या काकांच्या मृत्युपत्रात शेजारणीचं नाव निघालं तेव्हा.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "आपल्याविरुद्ध गावातला एक माणूस उभा नाही. उद्या दुपारी बाराला अर्ज भरायची मुदत संपते."

दुसऱ्या कुठल्या घरात या बातमीवर बाटली उघडली असती. इथे ऑरेस्तेचा काटा हवेतच थांबला. ऑरेस्ते म्हणजे पाल्मिराचा भाऊ. कायद्याने सरपंचाला सलग दोनच खेपा मिळतात, म्हणून मध्ये पाच वर्षं त्याला खुर्ची उबदार ठेवायला बसवलं होतं. ती पाच वर्षं त्याने शिंकसुद्धा मेहुण्याला विचारून काढली.

"एकसुद्धा नाही?" ऑरेस्ते म्हणाला. "अरे, पण इतके लोक शिव्या देतात आपल्याला!"

"शिव्या देतात. फॉर्म भरत नाहीत."

अडचण साधी होती आणि पिएत्रास्पिना गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. मतदार यादीत नावं तीनशे चौऱ्याऐंशी. त्यातली दोनशे नऊ माणसं ब्वेनोस आयरेस, टोरांटो आणि श्टुटगार्टला, आणि त्यातली काही तर तिथल्या स्मशानात. निवडणुकीत एकच यादी असेल, तर यादीतल्या निम्म्या मतदारांनी मत टाकलंच पाहिजे, नाहीतर निवडणूक रद्द. निम्मे म्हणजे एकशे ब्याण्णव. गावात हाडामांसाची माणसं एकशे पंचाहत्तर. म्हणजे सगळं गाव झाडून आलं, लकवा झालेल्यांना पाटीत घालून आणलं, तरी एलिजिओ एकट्याने लढून हरणार आणि जिल्ह्यावरून प्रशासक येणार. समोर दुसरी यादी असली, की मात्र निम्म्याची अट नाही. मग दहा मतंही पुरेत. एकोणपन्नास वर्षं कोलासुर्दोंच्या बुडाखाली असलेली खुर्ची वाचवायला आता एक शत्रू हवा होता आणि बाजारात शत्रू मिळत नव्हता.

पूर्वी असा दुष्काळ नव्हता. एलिजिओच्या बाबांच्या काळात लाल झेंडेवाले होते, चर्चवाले होते. चौकात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे, मतदानाच्या दिवशी दोनचार डोकी फुटायची. पुढे लाल झेंडेवाले मोटारी जोडायला जर्मनीला गेले, चर्चवाले विटा रचायला कॅनडात गेले आणि मैदानात कोलासुर्दो तेवढे उरले. ते याला जनतेचा विश्वास म्हणायचे. गेल्या दोन खेपांना तर देवच धावून आला. दूरच्या कुठल्याशा शहरातल्या तुरुंगरक्षकांनी इथे उमेदवारी भरली. उमेदवाराला महिनाभर भरपगारी रजा मिळते, एवढाच त्यांचा जाहीरनामा. गावात एकानेही पाऊल टाकलं नाही. मतं शून्य. एलिजिओ त्यांना अजून नाताळला चीजचा गोळा पाठवतो.

"त्यांना फोन केलास?" पाल्मिराने विचारलं.

"केला. यंदा त्यांनी समुद्रकाठचं गाव धरलंय."

"मग घरातलंच कुणीतरी उभं करा," एलिजिओचा मुलगा गास्पारे ब्रेडने ताट पुसत म्हणाला. "खोटं खोटं. नऊ नावं मी आणतो. चेलेस्तिनो न्हावी येईल, पेट्रोल पंपावरचे दोघं येतील. फक्त डोक्यावर कुणीतरी पाहिजे."

सगळ्यांनी ऑरेस्तेकडे पाहिलं.

"मी नाही हं," ऑरेस्ते म्हणाला. "मी माजी सरपंच आहे. मला पराभव शोभत नाही."

"तुला विजय तरी कुठे शोभला होता?" पाल्मिरा म्हणाली. "मी राहू का उभी?"

"तू नको," एलिजिओ घाईने म्हणाला.

"का?"

"तू निवडून येशील."

हे कौतुक की अपमान, हे पाल्मिराला कळेना, म्हणून तिने त्याला कावातेल्ली थोड्या कमी वाढल्या.

टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ, एलिजिओची बहीण एर्सिलिया बसली होती. वय एकसष्ट, लग्न नाही. ग्रामकचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात एकतीस वर्षं गेली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलगी हुशार आहे तर तिला कचेरीत बसवा, असं बाबा म्हणाले होते. मुलाला खुर्चीत बसवताना त्यांनी हुशारीची चौकशी केली नव्हती.

ती अजून काही बोलली नव्हती, कारण आज रविवार नव्हता. रविवारी ती या टेबलावर एकच प्रश्न विचारायची.

प्रश्न असा. डॉक्टर पूर्वी मंगळवारी आणि शुक्रवारी वरच्या गावात, चर्चशेजारच्या खोलीत बसायचे. दोन वर्षांपूर्वी दवाखाना खाली मोठ्या रस्त्यावर नव्या इमारतीत गेला. तिथे गाडी लावायला जागा आहे, काचेचं दार आहे, भिंतीवर डोंगराचा फोटो आहे. इमारत गास्पारेची आहे, हा निव्वळ योगायोग. वरच्या आणि खालच्या गावाच्या मध्ये एकशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत. वर अकरा म्हाताऱ्या राहतात. त्यांतली सगळ्यांत थोरली कार्मोसिना आत्या, वय एकोणनव्वद, एलिजिओ-एर्सिलियाच्या बाबांची सख्खी बहीण. तिचं ब्लडप्रेशर शेवटचं मोजलं गेलं ते दीड वर्षापूर्वी, एका मयतीत, कारण डॉक्टर मयताला वर आले होते. तेव्हा ते दोनशेच्या पलीकडे होतं. आत्या एर्सिलियाजवळच राहायची, आणि रात्री तिचा श्वास अडकला की एर्सिलिया उठून बसायची आणि पायऱ्या मोजायची.

"दादा, डॉक्टर वर कधी बसणार?" हा प्रश्न. "बघू," हे उत्तर. असे एकशे चार रविवार झाले होते.

"मी राहते उभी," एर्सिलिया म्हणाली.

एलिजिओने चष्मा पुन्हा चढवला.

"तू?"

"मी. हरायचंच आहे ना? मला सवय आहे."

एलिजिओच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मनाने तो वाईट नव्हता; फक्त त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. "याला म्हणतात रक्त!" तो म्हणाला आणि उठून बहिणीच्या टाळूचा मुका घेतला. "बाबा असते ना आज!"

बाबा असते, तर त्यांना एक गोष्ट आठवली असती आणि त्यांनी एर्सिलियाला उठवून स्वयंपाकघरात पाठवलं असतं. हरलेल्या सरपंच-उमेदवारालाही पंचायतीत एक खुर्ची मिळते. आणि पंचायतीच्या सदस्याने लेखी प्रश्न विचारला, तर सरपंचाला तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कायद्याचं ते जाडजूड पुस्तक एलिजिओने कपाट हलू नये म्हणून त्याच्या पायाखाली सरकवलं होतं. सरकवण्याआधी ते एर्सिलियाने वाचलं होतं.

तिला सरपंच व्हायचं नव्हतं. तिला फक्त असं हरायचं होतं की उत्तर मिळेल.

"आता हिशोब नीट ठेवा," एलिजिओ कामाला लागला. "एर्सीला बारा मतं. नऊ तिच्या यादीतले, एक ती स्वतः, दोन इकडचे. शून्य नको, बरं दिसत नाही. लोकशाही आहे शेवटी."

"आणि चिन्ह?" गास्पारेने विचारलं. "आपला घंटेचा मनोरा आहे. आत्याला काय द्यायचं?"

"कोंबडी द्या," ऑरेस्ते म्हणाला. "कोंबडीचा कुणाला राग येत नाही."

"कोंबडी चालेल," एर्सिलिया म्हणाली.

"आणि टीका?" पाल्मिराने विचारलं. "विरोधक म्हटल्यावर टीका नको का करायला वन्संनी?"

याचा कुणी विचारच केला नव्हता. कोलासुर्दोंच्या राज्यात काय चुकलं असेल यावर चौघांनी कॉफी होईपर्यंत डोकं खाजवलं. शेवटी एलिजिओने स्वतःवर मोठ्या मनाने एक आरोप मंजूर केला. चौकातल्या फुलांच्या कुंड्या पिवळ्या आहेत, त्या लाल हव्या होत्या.

"जरा झोंबेल," तो म्हणाला, "पण चालायचं."

*

प्रचार चांगला चालला. एलिजिओने तिचं भाषण स्वतः लिहून दिलं, पहिल्या बाकावर बसून ऐकलं आणि कुठे टाळ्या वाजवायच्या ते भुवई उडवून सांगितलं. एर्सिलियाने चौकात उभं राहून कागद वाचला. माझ्या बंधूंनी, म्हणजे मावळत्या सरपंचांनी, गावाची फार सेवा केली आहे. पण कुंड्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी जनतेचा विश्वासघात केला आहे. लोक पोट धरून हसत होते. वरच्या गावातल्या म्हाताऱ्या खिडक्यांतून वाकून ऐकत होत्या.

तेवढ्यात एका खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आणि डॉक्टरांचं काय गं?"

एर्सिलियाने कागद उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला. एकतीस वर्षं तिने लोकांना कागदात जे आहे तेच सांगितलं होतं, आताही तेच केलं.

"ते माझ्या कागदात लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

चौकात आधी हशा झाला. मग तो हळूहळू विझला, आणि लोक एलिजिओकडे बघायला लागले. त्याची भुवई मधेच अडकली. एर्सिलियाने कागदाची घडी घातली. घरी जाऊन तिने आत्याला बटाट्याचं सूप दिलं.

मतदान वरच्या गावातल्या जुन्या शाळेत होतं, म्हणून अकराच्या अकरा म्हाताऱ्या आपल्या पायांनी आल्या. सोमवारी दुपारी मोजणी झाली. मनोरा शहाण्णव. कोंबडी अठ्ठावन्न.

एलिजिओ जिंकला होता. घंटा वाजली, पेढ्यांच्या जागी बदामाच्या वड्या वाटल्या गेल्या. पण घरी येताना त्याच्या ओठांची हालचाल चालू होती. तो अठ्ठावन्नातून बारा वजा करत होता.

*

विजयाचं जेवण रविवारी ठेवलं. कोकरू आख्खं भाजलं होतं. कोंबडीच्या यादीवरचे नऊही उमेदवार आमंत्रित होते, कारण विरोधकांचा सन्मान करावा अशी एलिजिओची शिकवण होती. विरोधक पोटभर जेवत होते.

"सेहेचाळीस," एलिजिओ म्हणाला. त्याने ताटाला हातही लावला नव्हता. "सेहेचाळीस माणसं या गावात अशी आहेत, जी माझ्याशी हसून बोलतात आणि कोंबडीवर फुली मारतात. चेलेस्तिनो, तू कुणाला दिलंस?"

"मी तर कोंबडीच्या यादीतच आहे, सरपंच! तुम्हीच घातलंत! मला कोंबडीला द्यायलाच पाहिजे होतं!"

"बरं, बरं. तुझी बायको?"

"माझ्या बायकोच्या डोक्यात काय चालतं ते मला कळत असतं, तर मी न्हावी झालो असतो का?"

एलिजिओने मग एकेकाला घेतलं. ऑरेस्तेने आईची शपथ घेतली. गास्पारे म्हणाला, मी मनोऱ्यालाच मत दिलंय, पण खाली पेट्रोल पंपावर काहीतरी शिजतंय, त्या दोघांचे चेहरे मला ठीक वाटत नाहीत. पंपावरचे दोघं म्हणाले, गास्पारेने आधी स्वतःच्या सासऱ्याला विचारावं. सासरा जागेवर नव्हता, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकोणपन्नास वर्षांत या टेबलावर कोण कुणाच्या बाजूचा हा प्रश्न आला नव्हता. आता प्रत्येक जण शेजाऱ्याकडे असं बघत होता, जणू त्याच्या खिशात कोंबडी आहे.

"पाल्मिरा," एलिजिओ शेवटी म्हणाला. "तू मनोऱ्यालाच दिलंस ना?"

पाल्मिराने कोकराची मांडी कापता कापता सुरी थांबवली.

"मतदान गुप्त असतं म्हणे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तुम्ही मला सांगितलंच नव्हतं."

"पाल्मिरा!"

"मला त्या पिवळ्या कुंड्या पहिल्यापासून आवडत नाहीत."

ऑरेस्तेला ठसका लागला. एलिजिओने पाणी प्यायलं, ग्लास ठेवला आणि विषय बदलायचा म्हणून कोटाच्या खिशातून कागदांची चळत काढली.

"असो. झालं गेलं. आता हे एक काम उरकून टाकू. पंचायतीत चार जागा विरोधकांना जातात. एर्सीची आणि यादीतल्या तिघांची. तुम्हाला उगाच सभांचा त्रास नको, म्हणून मी राजीनामे टाइप करून आणलेत. एकाने सोडली की जागा यादीतल्या पुढच्याला जाते, म्हणून पुढच्या नावांचेही आहेत. एकेक सही करा, उद्या ग्रामकचेरीत जाऊन सचिवबाईंच्या हातात द्या, आणि हे चीज घ्या."

चेलेस्तिनोने तेलकट अंगठा पँटीला पुसून सही केली. पंपावरच्या दोघांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून केली. बाकीच्यांनीही केली. पिएत्रास्पिनातला विरोधी पक्ष सहा दिवस जगला आणि भाजलेल्या कोकराच्या वासात देवाघरी गेला.

शेवटचा कागद एर्सिलियापुढे आला.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी घालून ताटाखाली ठेवला.

"सही, एर्सी."

"मी नाही करत, दादा."

"म्हणजे?"

"म्हणजे राजीनामा देत नाही. मी सदस्य राहणार."

गास्पारे हसला. "आत्या, तू हरलीस! हरलीस तू!"

"हरले ना. त्या हरण्याची एक खुर्ची मिळते बाळ, ती मला हवी आहे."

"खुर्ची घेऊन काय करणार?" एलिजिओने विचारलं. आवाज अजून मऊ होता.

"प्रश्न विचारणार. डॉक्टर वर कधी बसणार हा. लेखी. तीस दिवसांत तुला उत्तर द्यावं लागेल."

"अगं वेडे, मग इथे विचार ना! हा काय मी समोर बसलोय!"

"इथे दोन वर्षं विचारला," एर्सिलिया म्हणाली. "एकशे चार वेळा. बहिणीने विचारलं की तू ब्रेड मागतोस. विरोधकाने विचारलं की तुला शिक्का मारून उत्तर द्यावं लागतं. मग मी विरोधक होते. मला काय, दोन्हीकडे मीच."

"घरचं भांडण कचेरीत नेणार तू?"

"कचेरीचं भांडण तू घरात जिरवत होतास."

गास्पारे उभा राहिला. "हे सगळं माझ्या इमारतीवर आहे! आत्या, सरळ सांग ना, माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुला!"

"तुझ्या इमारतीत छान काच आहे, गास्पारे. तुझ्या बापाच्या सख्ख्या आत्याने ती अजून बघितली नाही. ती मेली की खाली नेताना दाखवू आपण."

ऑरेस्ते, ज्याने आयुष्यात स्वतःचं मत दिलं नव्हतं, खाली बघून हळूच म्हणाला, "ब्लडप्रेशर दोनशे म्हणजे जरा जास्तच होतं म्हणा." आणि स्वतःच दचकला.

एलिजिओचा चेहरा तांबडा झाला होता. तो बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता आणि म्हणूनच सगळ्यांना नीट ऐकू आला.

"सही केली नाहीस, तर पुढच्या रविवारी या टेबलावर तुझं ताट नसेल."

हे मात्र एर्सिलियाने हिशोबात धरलं नव्हतं. कायद्याच्या पुस्तकात याचं कलम नव्हतं. या टेबलावर ती पायाखाली पाट घेऊन बसायची तेव्हापासून तिची जागा खिडकीजवळ होती. आई गेली, बाबा गेले, लग्नाचं जमलं नाही, पण रविवारी एक वाजता या टेबलावर तिच्या नावाचं ताट असायचं, आणि तिच्या आयुष्यात तिच्या नावाचं एवढंच होतं. कागद ताटाखालून काढावा, सही करावी, सगळे पुन्हा हसतील, पाल्मिरावहिनी कॉफी आणतील, असं तिला इतकं वाटलं की तिचा हात घडीपर्यंत गेलासुद्धा.

मग तिला आत्याचा रात्रीचा श्वास आठवला आणि तिने हात मांडीवर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "मग आजचं तरी नीट जेवते."

पाल्मिरा उठली. टेबलाला पूर्ण वळसा घालून आली, मांडीचा सगळ्यांत चांगला तुकडा, जो दर खेपेला एलिजिओचा असायचा, तो तिने एर्सिलियाच्या ताटात वाढला.

"घ्या वन्सं," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."

*

चार रविवार एर्सिलियाने वर आत्याबरोबर मसूर खाल्ले. आत्या विचारायची, आज खाली नाही का गेलीस? एर्सिलिया म्हणायची, गुडघा दुखतोय.

उत्तर तिसाव्या दिवशी पंचायतीच्या सभेत आलं. सभागृह वरच्या गावात, चर्चसमोर. लोकांसाठी आठ खुर्च्या होत्या आणि आठ वर्षांत त्यांच्यावर धुळीशिवाय कुणी बसलं नव्हतं. त्या दिवशी अकरा म्हाताऱ्या आल्या. तिघींनी आपापल्या खुर्च्या घरून आणल्या. कार्मोसिना आत्या पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसली. विरोधकांच्या चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होत्या. चौथीवर एर्सिलिया.

शहरातून आलेल्या तरुण सचिवबाईंनी नियम वाचला. एलिजिओने खांद्यावरचा सरपंचाचा तिरंगी पट्टा नीट केला, बहिणीकडे न बघता कागद उचलला.

"सन्माननीय सदस्या कोलासुर्दो यांच्या प्रश्नाला उत्तर. सदर विषय प्रशासनाच्या गांभीर्यपूर्वक विचाराधीन असून, सर्व संबंधित घटकांशी चर्चा करून यथावकाश योग्य तो निर्णय घेण्यात येईल."

"म्हणजे काय गं?" आत्याने मोठ्याने विचारलं.

"म्हणजे बघू," एर्सिलिया म्हणाली.

सभागृह हसलं. सरपंचांच्या बाजूचे सदस्यही हसले, मग आपण कुठल्या बाजूला बसलोय ते आठवून खोकले.

"नियमाप्रमाणे," सचिवबाई म्हणाल्या, "उत्तरावर बोलायला सदस्येला दहा मिनिटं आहेत. मध्ये कुणालाही बोलता येणार नाही. सरपंचांनाही नाही."

एर्सिलिया उभी राहिली. मध्ये कुणी बोलणार नाही, हे तिला क्षणभर पटेना. तिने थांबून वाट पाहिली. खरंच कुणी बोललं नाही. मग तिने वही उघडली आणि जन्ममृत्यूच्या नोंदवहीतून वाचावं तशी सरळ नावं वाचत गेली. नाव, जन्मतारीख, घर, डॉक्टरला शेवटचं कधी पाहिलं. जिचं नाव येई ती म्हातारी मान डोलवी. एकीने तारीख दुरुस्त केली, सचिवबाईंनी तिला गप्प केलं. शेवटचं नाव कार्मोसिना कोलासुर्दो होतं.

"ही सरपंचांची आत्या आहे," एर्सिलिया म्हणाली. "पण ते कागदात लिहायची गरज नाही. तिचं घर वरचं आहे, एवढं पुरे."

एलिजिओने आत्याकडे पाहिलं नाही. तो खुर्च्या मोजत होता. अकरा म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या घरात तीन-चार मतं, त्यांत ते सेहेचाळीस. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा एका कोलासुर्दोला पुढच्या निवडणुकीची भीती वाटत होती. आणि भीती वाटली की माणूस किती झटपट कामाला लागतो, हे सगळ्या गावाने तिथे बसून पाहिलं.

"मंगळवारपासून," त्याने कागद बाजूला ठेवला, "मंगळवारपासून डॉक्टर वरच्या खोलीत बसतील. आठवड्यातून दोनदा. मी बोललोय त्यांच्याशी."

तो बोलला नव्हता. पण आता त्याला बोलावं लागणार होतं. दाराशी उभा असलेला गास्पारे दार आपटून निघून गेला.

"नोंदलं का?" एर्सिलियाने विचारलं.

"नोंदलं," सचिवबाई म्हणाल्या. "तुमची सहा मिनिटं शिल्लक आहेत."

एर्सिलियाकडे दुसरा कागद नव्हता. ती बसायला वाकली, पण मग पुन्हा सरळ झाली. जन्मात कुणी तिला सलग दहा मिनिटं दिली नव्हती, त्यातली सहा अशी फुकट कशी घालवायची?

"सरपंचांना माझी विनंती आहे," ती म्हणाली. "त्यांनी या रविवारी जेवायला वर यावं. आत्याच्या घरी. वहिनींनाही आणावं."

सचिवबाईंचं पेन थांबलं. "हे... कामकाजात घ्यायचं?"

सगळे एलिजिओकडे बघत होते. त्याने चष्मा काढला. डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि बराच वेळ दोन्हींतलं काय आधी पुसावं हे ठरत नसल्यासारखा तो बसून राहिला.

"घ्या," तो म्हणाला. मग घसा साफ करून त्याने विरोधी बाकाकडे पाहिलं. "किती वाजता?"

"एक वाजता," एर्सिलिया म्हणाली. "आणि ब्रेड खालून घेऊन ये. वर बेकरी नाही."